दरसूचीत नसलेला पूल

आमच्या साईटवर नवा मुकादम आला की पहिल्याच दिवशी विचारतो, “मॅडम, साहेब कधी येणार?” अकरा वर्षं हेच ऐकतेय. आता मी उत्तर देत बसत नाही. स्लम्प कोनची, म्हणजे ओल्या काँक्रीटचा घट्टपणा तपासायच्या साच्याची, सळई त्याच्या हातात देते आणि सांगते, “थराला पंचवीस ठोके. मी मोजतेय.” दुपारपर्यंत साहेबांची चौकशी थांबलेली असते.

त्यामुळे दर आठ मार्चला ‘भारतातली पहिली महिला सिव्हिल इंजिनिअर’ म्हणून शकुंतला भगत यांचा फोटो व्हॉट्सअॅपवर फिरायला लागला, की कौतुकाच्या आधी मला प्रश्न पडतात. पदवी मिळाली, ठीक. पुढे काम कुणी दिलं? पैसे कुणी घातले? नकाशावर सही कुणाची होती? फोटोखालच्या दोन ओळींत यातलं काही नसतं. म्हणून हे प्रकरण मी कंत्राटदाराचं बिल तपासावं तसं, एकेका नोंदीवर बोट ठेवून तपासलं.

पहिल्याच नोंदीत खाडाखोड करावी लागते. ‘भारतातली पहिली’ हे खरं नाही. मद्रासच्या गिंडी अभियांत्रिकी महाविद्यालयातून १९४४ च्या सुमारास तीन मुली पदवीधर होऊन बाहेर पडल्या होत्या. ए. ललिता इलेक्ट्रिकलच्या, तर पी. के. थ्रेसिया आणि लीलम्मा जॉर्ज सिव्हिलच्या. ललितांच्या प्रमाणपत्रावर छापील इंग्रजी ‘ही’ खोडून ‘शी’ करावं लागलं होतं. मराठीत वाचलं असतं तर ‘ही’ म्हणजे बाईच, खोडायची गरज पडली नसती. असो. शकुंतला जोशी (भगत हे लग्नानंतरचं आडनाव) यांनी सिव्हिलची पदवी घेतली ती १९५३ साली, माटुंग्याच्या व्हीजेटीआयमधून. तेव्हा त्या संस्थेच्या नावात व्हिक्टोरिया राणी होती, वीरमाता जिजाबाई पुष्कळ नंतर आल्या. त्या संस्थेतून सिव्हिल झालेली पहिली मुलगी म्हणजे शकुंतलाबाई. हे पुरेसं मोठं आहे, त्याला ‘भारतातली’ची झालर लावायचं कारण नाही. थ्रेसियांकडे मी पुन्हा येणार आहे. त्यांना बाजूला ठेवून शकुंतलाबाईंचा हिशेब पुरा होत नाही.

दुसरी नोंद घरची. शकुंतलाबाईंचा जन्म १९३३ चा, आणि वडील एस. बी. जोशी, म्हणजे पूलबांधणीतलं त्या काळचं मातबर नाव. म्हणजे गाळा, खांब, पाया, पूररेषा हे शब्द घरात भाजी-आमटीसारखे. माझ्या घरी इंजिनिअरिंग म्हणजे प्रवेशाच्या फॉर्मवरचा एक रकाना होता, आणि सिव्हिल हा त्यातला शेवटचा पर्याय. हे मी हेव्यानं लिहीत नाहीये. पण बांधकामाच्या धंद्यात ओळख ही अर्धी अनामत रक्कम असते. मुलगी पुलावर चढते म्हणून ज्या घरात कुणी भुवई उंचावत नाही, तिथून निघालेल्या वाटेची लांबी वेगळी धरावी लागते. शकुंतलाबाईंचं कर्तृत्व त्यानं कमी होत नाही, फक्त त्यांच्याकडे बोट दाखवून दुसऱ्या मुलीला “बघ, त्यांना जमलं” असं म्हणता येत नाही.

पुढचा टप्पा भरभर जातो. अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातून सिव्हिल आणि स्ट्रक्चरलमधली पदव्युत्तर पदवी. परत आल्यावर पवईच्या आयआयटीत सहायक प्राध्यापक, आणि तिथल्या हेवी स्ट्रक्चर्स लॅबोरेटरीच्या प्रमुख. चरित्राच्या दृष्टीनं हा पगारी, सुरक्षित काळ, म्हणून सांगणारे तो एका वाक्यात उरकतात. मला मात्र वाटतं, की सगळ्याची गोम इथेच आहे.

अशा प्रयोगशाळेत काय चालतं? तुळया, सांगाडे, जोड यांच्यावर जॅकनं भार वाढवत नेतात. आधी काही दिसत नाही. मग केसासारखा तडा, मग आवाज, मग मोडतोड. पुस्तक सांगतं वस्तू किती भाराला सुरक्षित, इथे दिसतं ती कुठे आणि कशी हार मानते. आणि पोलादात ती बहुतेक वेळा पट्टीच्या मधोमध हार मानत नाही. जोडाशी मानते.

जोड हा शब्द बाहेरच्याला किरकोळ वाटेल, म्हणून जरा थांबते. पोलादी पुलाची कैची म्हणजे पट्ट्यांचे त्रिकोण. पट्टी कारखान्यातून येते, तिची ताकद ठाऊक असते. पण दोन पट्ट्या भेटतात तिथे काय करायचं? जुन्या काळी रिव्हेट मारत. खाली भट्टीत रिव्हेट लालभडक करायचा, चिमट्यानं वर भिरकवायचा, वरच्यानं डब्यात झेलायचा, भोकात घालायचा, एकानं मागून दाबून धरायचा आणि दुसऱ्यानं तो निवायच्या आत ठोकून डोकं काढायचं. चार-पाच जणांची मुरलेली टोळी लागते. मग वेल्डिंग आलं. त्याला जनरेटर हवा, कसलेला वेल्डर हवा, आणि इलेक्ट्रोड कोरडे हवेत; ओल लागलेल्या इलेक्ट्रोडनं केलेलं वेल्ड वरून झकास दिसतं आणि आतून जाळीदार असतं. राहिला बोल्ट. त्याला फक्त पाना लागतो. मात्र भोकं जुळली पाहिजेत. दोन मिलिमीटरचा फरक पडला की साईटवर घण निघतो, आणि घण निघाला की तिथं काय होतं ते मी डोळ्यांनी पाहिलंय: भोक लांबुळकं होतं, बोल्ट खुळखुळतो आणि हजेरीपटावर ‘काम पूर्ण’ लिहिलं जातं.

म्हणजे रिव्हेट आणि वेल्ड साईटवरच्या माणसाचं कसब मागतात, आणि सुट्या भागांचा पूल ते कसब कारखान्यात हलवू पाहतो. भोकं तिथेच, साच्यावर, इतकी नेमकी पाडायची की शंभरावा भाग पहिल्याच्या जागी बसावा. साईटवर उरावी ती जुळणी. ही कल्पना नवी नव्हती. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांचा बेली पूल याच तत्त्वावर उभा राहिला. दहा फुटांचं पॅनेल, वजन सुमारे २६० किलो, सहा जवानांनी उचलायचं आणि खुंट्या मारून पुढे जोडायचं. हिमालयात आजही पूल वाहून गेला की आधी बेली येतो. पण तो मूळचा लढाईतला, तात्पुरता, बहुतेक वेळा एका गाडीपुरता. कायमचा पूल, हव्या त्या गाळ्याचा (म्हणजे दोन खांबांमधल्या अंतराचा), हव्या त्या रुंदीचा, मोजक्याच प्रकारच्या सुट्या भागांतून करता येईल का, हा पुढचा प्रश्न.

शकुंतलाबाई आणि त्यांचे यजमान अनिरुद्ध भगत या प्रश्नामागे लागले. ते मेकॅनिकलचे. ही जोडी मला फार नेमकी वाटते. सिव्हिलचा माणूस एकेक पूल स्वतंत्र बांधतो, दर वेळी नवी नदी, नवा नकाशा. मेकॅनिकलचा माणूस एक भाग हजार वेळा तसाच कसा निघेल हे बघतो. त्यांनी सुटे पोलादी भाग जोडण्यासाठी युनिशिअर नावाचा जोड काढला आणि सुट्या भागांच्या पुलाच्या पद्धतीचं पेटंट घेतलं. १९७० साली मुंबईत कंपनी काढली, क्वाड्रिकॉन. लहानपणी मेकॅनोचा डबा ज्यांनी पाहिला असेल त्यांना कल्पना लगेच कळेल: भाग थोडे, आकृत्या पुष्कळ.

आता प्रश्न गिऱ्हाइकाचा. भारतात पूल विकत घेतं कोण? सरकारी खातं. आणि इथे हे प्रकरण खऱ्या अर्थानं अडतं. सरकारी खात्यांनी हात आखडता घेतला, पैसे घालायला कुणी पुढे येईना. भगतांनी स्वतःची पुंजी घातली.

या ठिकाणी ‘बाई म्हणून नाकारलं’ असं लिहून टाकणं सोपं आहे. त्या काळात हा भाग नसेलच असं मी म्हणणार नाही, रोज साहेबांची चौकशी ऐकणारी मी कशी म्हणेन? पण खात्याचं कामकाज आतून पाहिलेल्या कुणालाही दुसरंही कारण दिसेल, आणि ते जास्त चिवट आहे. खातं अंदाजपत्रक करतं ते दरसूचीवरून. खोदाई घनमीटरला अमुक, सळई टनाला तमुक. दरसूचीत नसलेली बाब आली की तिचं दर-विश्लेषण करा, वरची मंजुरी घ्या, लेखापरीक्षणाचा शेरा झेला. त्यात वस्तू पेटंटची, म्हणजे बनवणारा एकच. तीन निविदा आणायच्या कुठून? आणि समजा सगळं पार पाडून पूल उभा केला आणि उद्या काही झालं, तर कार्यकारी अभियंत्याला कुणी विचारणार नाही की कल्पना किती हुशारीची होती. विचारतील, “मंजूर नमुना सोडून तुम्ही हे का केलंत?” नेहमीचा काँक्रीटचा पूल पडला तर चौकशी कंत्राटदाराची होते. नवा पूल पडला तर सही करणाऱ्याची. कोणता शहाणा माणूस सही करेल?

म्हणजे खातं मूर्ख नव्हतं, आपल्या जागी ते हिशेबीच वागलं. पण असल्या हिशेबात नवी वस्तू कधीच बसत नाही. ती आधी कुठेतरी उभी असल्याशिवाय मंजूर होत नाही आणि मंजूर झाल्याशिवाय उभी राहत नाही.

उभी राहिली ती हिमाचलातल्या स्पितीत. १९७२ साली, दोन लहान पूल, चार महिन्यांत.

चार महिने म्हणजे किती, हे स्पितीत वेगळं मोजावं लागतं. तिथलं मुख्य गाव काझा सुमारे ३,६५० मीटरवर. मनालीकडून जायचं तर रोहतांग, मग कुंझुमची साडेचार हजार मीटरची खिंड, आणि तेव्हा अटल बोगद्याचा मागमूस नव्हता, तो २०२० साली उघडला. दुसरी वाट किन्नौरकडून, सतत दरडींची. वर्षाचे कामाचे महिने उन्हाळ्यातले चार-पाच. आता तिथे काँक्रीटचा पूल टाकायचा म्हणजे काय ते बघा. सिमेंट, खडी, पाणी, मिक्सर वर न्या. नदीत सेंटरिंगचे टेकू उभे करा. बर्फाच्या पाण्याच्या नद्या दुपारी ऊन चढलं की फुगतात, सकाळी गुडघाभर असलेलं पाणी संध्याकाळी टेकू घेऊन जाऊ शकतं. काँक्रीट ओतलं तरी ते थंडीत लवकर ताकद धरत नाही. आपल्या मानकांत ५ अंशांखालचं काँक्रीट हे वेगळ्या काळजीचं काम मानलंय, आणि तिथे उन्हाळ्यातल्या रात्रीही पारा खाली येतो. यातलं एक काहीतरी चुकलं की हंगाम संपतो, अर्धवट काम बर्फाखाली जातं आणि पुढच्या वर्षी कशाच्या जोरावर सुरू करायचं ते शोधत बसावं लागतं.

लांब पोलादी गर्डर न्यायचा म्हटलं तर तो नागमोडी वळणावर वळतच नाही. सुटा भाग ट्रकमध्ये मावतो. तीन बाजूंनी कोंडी झालेल्या जागी ही पद्धत चपखल बसली, कारण तिथे नेहमीचा सुरक्षित पर्याय सुरक्षित राहिलेलाच नव्हता. मला विचाराल तर मोक्याची जागा हीच या कारकीर्दीतली सगळ्यात मोठी कमाई. पुण्या-मुंबईत हा पूल कुणी कशाला घेतला असता? जिथे ‘नेहमीप्रमाणे’ हा शब्दच चालत नाही, तिथे नव्याला दार किलकिलं होतं.

त्यानंतर १९७८ पर्यंत काश्मीरपासून अरुणाचलपर्यंत ६९ पूल. सहा वर्षांत ६९ म्हणजे महिन्याला जवळपास एक. आमच्याकडे ओढ्यावरच्या मोरीला दोन पावसाळे जातात, म्हणून हा आकडा मी दोनदा वाचला.

आता थ्रेसियांकडे.

त्या त्रिशूर जिल्ह्यातल्या. १९४४ मध्ये गिंडीतून सिव्हिलची पदवी घेतली आणि लगेच कोचीन संस्थानाच्या बांधकाम खात्यात लागल्या. पुढे संस्थान गेलं, केरळ राज्य झालं, खातं बदललं, त्या खात्यातच राहिल्या. कार्यकारी अभियंता, अधीक्षक अभियंता, आणि १९७१ साली केरळच्या मुख्य अभियंता. देशातल्या कुठल्याही राज्यात त्या पदावर बसलेल्या पहिल्या बाई. सत्तावीस वर्षं लागली. १९७९ मध्ये निवृत्त झाल्या, स्वतःची सल्लागार कंपनी काढली, आणि १९८१ मध्ये गेल्या.

दोन वाटा शेजारी ठेवल्या की काही गोष्टी लख्ख दिसतात. क्वाड्रिकॉनची स्थापना १९७०, थ्रेसियांची बढती १९७१. दक्षिणेत एक बाई खात्याच्या सर्वोच्च खुर्चीवर बसत होती, त्याच वेळी मुंबईतली दुसरी बाई खात्याबाहेरून तशाच खुर्च्यांपुढे आपला पूल मांडत होती. थ्रेसियांची सही खात्याची सही होती. तिच्यामागे नियमावली, ज्येष्ठता यादी, पेन्शन उभं होतं. शकुंतलाबाईंना आपल्या नकाशाला वजन यावं म्हणून कंपनीची मालकीण व्हावं लागलं.

कोणती वाट बरी? मी याचं उत्तर वर्षागणिक बदललंय. पदवीच्या वर्षी मी डोळे झाकून शकुंतलाबाई म्हटलं असतं: पेटंट, हिमालय, स्वतःची कंपनी. आज जास्त वेळ थ्रेसियांजवळ थांबते. खात्यातली जागा रिकामी होते, तिची जाहिरात येते, पुढची मुलगी अर्ज करू शकते. कुणाच्या वडिलांच्या नावासाठी अर्ज करता येत नाही, मेकॅनिकल नवऱ्यासाठीही नाही (लग्नाच्या साईटवर तशी अट घालता येते म्हणा). पण थ्रेसियांच्या वाटेनं गेलेली बाई दरसूचीबाहेरची वस्तू उभी करू शकली असती का, याबद्दल मला शंका आहे. खुर्चीसोबत खुर्चीची भीतीही येते. दोघींच्या वाटा एकमेकींची जागा घेऊ शकत नाहीत, आणि म्हणून ‘आदर्श’ म्हणून एकच फोटो फिरवणं मला पटत नाही.

तिसरी बाई या दोन्ही वाटांवर कुठेच नाही, आणि ती सगळ्या साईटवर आहे. डोक्यावर घमेलं. अठराव्या वर्षी बिगारी म्हणून लागते, पंचेचाळिसाव्या वर्षीही बिगारीच असते. तिच्याबरोबर लागलेला पोरगा चार-पाच वर्षांत थापी धरतो, गवंडी होतो, जमलं तर लेबर कंत्राट घेतो. तिच्या हातात थापी कुणी देत नाही. १९७६ साली समान वेतनाचा कायदा आला, १९९६ च्या बांधकाम कामगार कायद्यानं पन्नासहून जास्त बायका असतील तिथे सहा वर्षांखालच्या मुलांसाठी पाळणाघराची सोय सांगितली. पण समान कामाला समान पैसे म्हटलं की काम वेगळं ठरवून टाकायचं, एवढं साधं उत्तर धंद्याकडे आहे. ‘बांधकामातली बाईची कारकीर्द’ म्हणताना आपण पदवीपासून सुरू करतो, तेव्हा साईटवरच्या बहुसंख्य बायका आधीच यादीतून गळलेल्या असतात.

शकुंतलाबाईंची शेवटची नोंद: इन्व्हेन्शन प्रमोशन बोर्डाचा पुरस्कार १९७२ मध्ये, म्हणजे स्पितीच्याच वर्षी, भगत दांपत्याला. ‘वुमन इंजिनिअर ऑफ द इयर’ हा सन्मान १९९३ मध्ये, एकट्या बाईंना. पुलाला दाद तेव्हाच मिळाली, त्यामागच्या बाईला एकवीस वर्षांनी. २०१२ मध्ये त्या गेल्या.

हे सगळं लिहून काढलं ते एका मुलीसाठी. आमच्या ओळखीतली, डिप्लोमा करून मागून डिग्री केलेली, हाती दोन नोकऱ्या. एक बाणेरच्या ऑफिसात बिलिंगला, दुसरी रस्त्याच्या कामावर साईट इंजिनिअर म्हणून, पगार दोन हजारांनी कमी. बिलिंगला बसवलेल्या मुली दहा वर्षांनी बिलिंगलाच असतात, हे मी पाहिलंय. साईट माहीत नाही म्हणून बढती नाही, बढती नाही म्हणून साईट नाही. मी तिला म्हटलं, “अगं, मोजमाप पुस्तकात तुझी सही जिथं लागेल ती नोकरी घे.” शकुंतलाबाईंचं सांगितलं, थ्रेसियांचं सांगितलं, जोडाची भोकंसुद्धा सांगितली.

तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, “ताई, साईटवरून शेवटची बस साडेसहाला आहे आणि स्लॅब कधी साडेसहाला संपतो का? आणि तिथं बायकांसाठी संडास नाही. मी विचारून आले.”

तिनं बिलिंग घेतलं. मी पुढे काही बोलले नाही.